जळगावात खोली बघताना

शिकायला येऊन भाड्याची खोली घेणार असाल, तर ती बघायला भर दुपारी जा. सकाळी सगळ्याच खोल्या गार वाटतात. जळगावात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि थेट स्लॅबखालची खोली मध्यरात्रीपर्यंत तापलेली राहते. वरच्या मजल्याचं भाडं कमी असतं ते बहुधा म्हणूनच. पंखा लावून पाच मिनिटं बसा. गरमच वारा लागला, तर मधल्या मजल्यावर शोधा. तिथे थोडं जास्त भाडं गेलं तरी परीक्षेच्या दिवसांत झोप मिळते. कूलरला खिडकी आहे का, तो लावू देतात का, हेही तेव्हाच विचारा.

नळाला किती दिवसांआड पाणी येतं आणि टाकी केवढी, हे मालकापेक्षा आधीपासून राहणाऱ्या मुलांना विचारा. माणशी रोज शंभर लिटर धरलं, तर दहा जणांत हजार लिटरची टाकी एका दिवसात संपते. कूलरचं पाणी वेगळंच.

वीज सबमीटरवर, म्हणजे मालकाने खोलीला लावलेल्या वेगळ्या मीटरवर असेल, तर सामान टाकण्याआधी रीडिंगचा फोटो काढा. सगळ्यांचं एकच मीटर असलं की एकूण युनिट वाढून जास्त वापराच्या टप्प्याचा चढा दर लागतो.

करार लेखीच करा, सहसा ११ महिन्यांचा होतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. डिपॉझिट ऑनलाइन द्या. रंगरंगोटीचे पैसे त्यातून कापणार का आणि किती, हे करारातच लिहून घ्या; खोली सोडताना खरी वादावादी तिथेच होते.