लेकराचे पाय वाढतेत, बूट तेवढेच राहतेत

दिवाळीत पोराला दोन हजाराचे ट्रेकिंग शूज घेतले, होळीनंतर देवगिरी किल्ल्यावर गेलो तर अंधारीपर्यंत, म्हंजे किल्ल्यातल्या अंधाऱ्या बोगद्यापर्यंत जाऊस्तोवर पठ्ठ्या लंगडायला लागला, बूट काढून बघतो तर अंगठ्याचं नख काळंनिळं. आता बूट घ्यायला गुलमंडीच्या बाजारात संध्याकाळीच जातो, दिवसभर खेळून पाय जरा सुजलेले असतेत ना, अन् जाड मोजे घालूनच ट्राय करायला लावतो. आतला सुकतळा बाहेर काढायचा, त्याच्यावर लेकराला उभं करायचं, पुढं हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरली की बास. बायको म्हणते दोन नंबर मोठेच घ्या, तीन वर्षं चालतेल!! पण टाच आत हलली की फोड आलेच समजा. धाकटीला सध्या दादाचेच जुने, टाचा एका बाजूनं झिजल्या नाहीत ना ते तेवढं पालथे करून बघितलं.