लाल ओळी

वीस तारीख म्हणजे आमच्याकडे लगीनघाई. जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, म्हणजे जीएसटीआर-३बी, भरायचा शेवटचा दिवस.

मी कराडला घरी बसून पुण्यातल्या एका सीएंचं काम करते. रेटिनायटिस पिगमेंटोसामुळे विशीतच नजर गेली. पुण्यात होते तेव्हा दोन बस बदलून ऑफिसला पोचेपर्यंतच निम्मा जीव जायचा. इथं स्वयंपाकघरापासून टेबल अकरा पावलांवर. एका कानात एनव्हीडीए, म्हणजे स्क्रीन वाचून दाखवणारा फुकटातला प्रोग्रॅम. दुसरा कान आईच्या हाकेसाठी मोकळा.

दुपारी चारला सरांचा मेसेज आला. "एक्सेल पाठवलीय. लाल केलेल्या ओळी तेवढ्या बघ. त्यांचं क्रेडिट या महिन्यात घ्यायचं नाही."

लाल! तीन वर्षं माझ्याबरोबर काम करून माणूस मला लाल ओळी पाठवतो. राग गिळला. चौदा तारखेला २बी येतं, म्हणजे विक्रेत्यांनी सरकारला दाखवलेल्या बिलांची यादी. त्यात जे खरेदीचं बिल नाही, त्याचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही. तीच बिलं सरांनी रंगवली होती. एनव्हीडीए आपणहून रंग सांगत नाही. प्रत्येक ओळीवर थांबून इन्सर्ट आणि एफ दाबायचं, मग ते फॉन्टपासून सुरू करून रंगापर्यंत येतं. ओळी ३१२. आईनं चहा ठेवला, तो तसाच गार झाला.

सतरा लाल निघाल्या. त्यातल्या एका बिलाचा नंबर कानाला खटकला. बाकीचे "वन हंड्रेड फोर", "वन हंड्रेड सिक्स" असे सरळ येत होते, हा मात्र "वन ओ फाइव्ह". बाण दाबत एकेक अक्षर ऐकलं. वन. ओ. फाइव्ह. आमच्या नोंदीत कुणीतरी शून्याच्या जागी इंग्रजी ओ मारला होता. २बीत तेच बिल, तीच तारीख, तीच रक्कम, फक्त मध्ये शून्य. जुळवणीत दोन्ही वेगळी ठरली आणि बिल लाल झालं. क्रेडिट ४१,४०० रुपये.

सरांना फोन लावला.

"अगं, ती ओळ मी स्वतः तीनदा बघितली होती!"

"बघितलीत ना सर, म्हणूनच."

पलीकडे जरा शांतता. मग हसले. सव्वासातला रिटर्न भरून झालं.

पुढच्या महिन्याच्या शीटमध्ये शेवटी एक नवा कॉलम होता. मथळा 'लाल', खाली नुसतं 'हो' आणि 'नाही'.