पन्नास तासांचा दिवस

घरी बसून मुद्रिते तपासण्याचे काम मी बरीच वर्षे करते आहे आणि या कामात ऱ्हस्व-दीर्घापेक्षा दुपार अधिक छळते, असे माझे अनुभवान्ती मत झाले आहे. सकाळी काम कसे सरसर पुढे जाते. जेवण होऊन, भांडी विसळून पुन्हा टेबलाशी येऊन बसले, की पहिल्याच परिच्छेदात जांभई येते, डोळे चोळावेसे वाटतात, हात ताणून झाले की दृष्टी समोरच्या भिंतीवर जाते आणि तेथेच राहते. मग उरलेली पाने मोजली जातात. थोड्या वेळाने, जणू मधल्या काळात ती आपोआप कमी झाली असावीत अशा आशेने, पुन्हा मोजली जातात. दोरीवरचे कपडे वाळले का, ते पाहून यावेसे वाटते. बरे, झोप येत असते म्हणावे तर आडवे झाल्यावर डोळाही लागत नाही. या सगळ्याला मी आळस म्हणत असे आणि स्वतःलाच बोल लावून मोकळी होत असे.

हा आळस नव्हे, हे मला समजले ते चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहिलेल्या एका ख्रिस्ती तपस्व्यामुळे. त्याचे नाव एव्हाग्रियस. सुमारे ३४५ साली काळ्या समुद्राजवळच्या पाँटस प्रांतात जन्मलेला हा बुद्धिमान माणूस कॉन्स्टँटिनोपलमध्ये डीकन, म्हणजे चर्चमधला कनिष्ठ धर्माधिकारी, म्हणून आणि वादपटू म्हणून नावाजला होता. पण तेथे एका विवाहित स्त्रीच्या प्रेमात गुंतल्यावर त्याने राजधानीच सोडली. जेरुसलेममध्ये तो आजारी पडला, तेथे मेलानिया नावाच्या तपस्विनीने त्याची कानउघाडणी केली आणि ३८३च्या सुमारास तो इजिप्तला पोचला. दोन वर्षे नित्रिया येथे आणि नंतर ३९९ मध्ये मृत्यू येईपर्यंत केलिया येथे, असा त्याचा उरलेला जन्म गेला. केलिया या ग्रीक शब्दाचा अर्थ सरळसरळ ‘खोल्या’ असा आहे. जगाचा त्याग करून गेलेल्या माणसांनी वस्तीला इतके रोखठोक नाव द्यावे, हे मला फार आवडते.

या खोल्यांची जागा कशी ठरली, याची एक कथा आहे. नित्रियात तपस्व्यांची गर्दी फार झाली, तेव्हा तेथील आमून आणि वृद्ध अँथनी हे दोघे नवी जागा शोधायला निघाले. (वसईत किंवा गोव्यात संत अँथनी म्हटले की हरवलेल्या वस्तू शोधून देणारे पादुआचे अँथनी आठवतात, ते तेराव्या शतकातले. हे त्यांच्या कितीतरी आधीचे, २५१ ते ३५६ असे शतायुषी आयुष्य लाभलेले इजिप्तचे अँथनी.) दोघांनी सूर्योदयापासून मोजलेल्या नवव्या तासाला, म्हणजे आपल्या दुपारी तीनच्या सुमारास, दिवसाचे एकमेव जेवण केले आणि मग सूर्य मावळेपर्यंत वाळवंटातून चालत राहिले. सूर्य मावळला तेथे क्रूस रोवला. हेतू असा की नित्रियातल्या कोणाला भेटीला यायचे झाल्यास त्याने तिकडे जेवून निघावे आणि अंधाराच्या आत पोचावे. अंतर भरले बारा मैल. शतपावलीने गावाची हद्द ठरल्याचे दुसरे उदाहरण माझ्या तरी ऐकिवात नाही.

केलियातल्या खोल्या एकमेकींपासून इतक्या दूर बांधल्या होत्या की शेजाऱ्याचा आवाज ऐकू येऊ नये. शनिवारी आणि रविवारी सारे जण चर्चमध्ये जमत. उरलेले पाच दिवस प्रत्येक जण आपल्या खोलीत एकटा असे. पहाटेचा उत्साह ओसरलेला, जेवणाला अजून अवकाश, बाहेर पांढरे ऊन आणि समोर विणायच्या खजुरीच्या पात्यांचा भारा, अशा वेळी जे मनाला घेरते, त्याला एव्हाग्रियसने ‘अकेडिया’ म्हटले. ग्रीकमध्ये त्याचा मूळ अर्थ आस्था न उरणे असा आहे. मराठीत मला ‘कंटाळा’ हाच शब्द त्याच्या सर्वांत जवळचा वाटतो, कारण आळशाला काही करायचे नसते. कंटाळलेल्याला मात्र हातातले काम सोडून बाकी सगळे करायचे असते. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेच्या ९१व्या स्तोत्रात भर दुपारी नाश करणाऱ्या अरिष्टाचा उल्लेख आहे. मूळ हिब्रूतल्या या ओळीत ग्रीक अनुवादकांनी भूत आणून बसवले, आणि एव्हाग्रियसने तेच दुपारचे भूत अकेडियाला चिकटवले. भर दुपारी बाराला विहिरीवर किंवा तिठ्यावर जाऊ नये, असे बजावणाऱ्या कोकणातल्या आजीला यात नवल वाटले नसते. फरक इतकाच, की हे भूत घरात बसलेल्यालाच धरते.

त्याचे वर्णन एव्हाग्रियसने एखाद्या वैद्याने रोगलक्षणे टिपावीत तसे केले आहे. ते दिवसाच्या चौथ्या तासाला येते आणि आठव्यापर्यंत, म्हणजे साधारण सकाळी दहा ते दुपारी दोन, पिच्छा सोडत नाही. सूर्य हलेनासा होतो आणि दिवस पन्नास तासांचा वाटू लागतो. माणूस पुन्हा पुन्हा खिडकीकडे पाहतो, बाहेर येऊन जेवणाला किती वेळ आहे ते उन्हावरून ताडतो, कोणी भेटायला येते का म्हणून इकडेतिकडे नजर टाकतो. मग ही जागा नकोशी होते, हातातले काम नकोसे होते, हल्ली माणसामाणसांत प्रेमच उरलेले नाही असे वाटू लागते. अलीकडे कोणी दुखावले असेल, तर नेमके तेही आठवते. शेवटी भूत शास्त्रार्थाला उतरते: देव काय एकाच जागी असतो का, दुसरीकडे जाऊनही त्याला प्रसन्न करता येईल की!

आणखी एका छोट्या ग्रंथात, जो पुढे अनेक शतके नायलस नावाच्या दुसऱ्याच लेखकाच्या नावावर खपत होता, कंटाळलेल्या वाचकाचे चित्र आहे. तो जांभया देतो, डोळे चोळतो, हात ताणतो, पुस्तकावरून नजर काढून भिंतीकडे पाहत राहतो. थोडे वाचून पाने उलटतो, शेवट कुठे आहे ते बघतो, पाने मोजतो, लेखनिकाच्या अक्षराला आणि सजावटीला नावे ठेवतो, आणि अखेर पुस्तक मिटून उशाशी घेऊन झोपतो. पण झोप गाढ लागत नाही, कारण भूक जागे करते. हे वाचले तेव्हा मी पेन्सिल खाली ठेवली. सोळाशे वर्षांपूर्वी कोणीतरी माझ्या खिडकीतून आत डोकावून गेले असावे, असेच वाटले. त्यातही ते अक्षराला नावे ठेवणे मला विशेष झोंबले, कारण दुपारी माझ्या खुणा सकाळच्या दुप्पट असतात आणि त्यांतल्या निम्म्या निव्वळ चिडचिडीतून आलेल्या असतात. खुद्द एव्हाग्रियस पुस्तकांच्या नकला करून पोट भरत असे. तेव्हा असल्या वाचकांचा राग त्याला आतून माहीत असणार.

कंटाळ्याचे सर्वांत लबाड रूप मात्र त्याच्या शिष्यपरंपरेतल्या जॉन कॅसियनने टिपले. हा काही वर्षे इजिप्तच्या मठांत राहून पुढे मार्सेयला स्थायिक झाला आणि पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याने इजिप्तमधले अनुभव लॅटिनमध्ये लिहून काढले. तो म्हणतो, की या वेळी मनात एकाहून एक सत्कर्मे येऊ लागतात. अमुक बंधूला भेटून यावे, आजाऱ्याची विचारपूस करावी, पाठीशी कोणी नसलेल्या त्या धर्मशील बाईला हवे-नको विचारावे. या खोलीत निष्फळ बसून राहण्यापेक्षा ते किती पुण्याचे! माझ्या आजारी मावशीला फोन करण्याची तळमळ मला नेमकी दुपारी अडीच वाजता, ऐंशी पानांची मुद्रिते समोर असताना लागते, सकाळी कधीच लागत नाही, हे मला त्या पानावर प्रथम कळले. मावशीला अर्थातच ते आधीपासून ठाऊक असावे, कारण ती फोन उचलताच, “काम अडलंय का गं?” असे विचारते.

पुढे सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांनी एव्हाग्रियसने अकेडियासह मोजलेल्या आठ दुष्ट विचारांची मांडणी बदलली, त्यात अकेडिया खिन्नतेत विरघळली, आणि नंतरच्या काळात ती सात महापापांच्या यादीत परतली तेव्हा हळूहळू तिचा निव्वळ आळस झाला. मी स्वतःला जो बोल लावत होते, तो या गाळलेल्या अर्थाचा होता. मुद्रितशोधकाच्या भाषेत ही सरळ चूक आहे आणि ती पुढच्या सगळ्या आवृत्त्यांत तशीच राहिली.

उपायांविषयी वाळवंटातली माणसे फार बोलत नाहीत. एकदा स्वतः अँथनी असेच कासावीस होऊन, काय करू, असे देवाला विचारत होते. बाहेर येऊन पाहतात तो त्यांच्यासारखाच एक जण बसून दोर वळतो आहे. तो उठला, त्याने प्रार्थना केली, पुन्हा बसून दोर वळू लागला, पुन्हा उठला. तो देवदूत होता आणि, असेच कर म्हणजे तरशील, इतकेच तो म्हणाला. आपल्याकडच्या शिंदीची सख्खी बहीण असलेल्या खजुरीच्या पात्या भिजवून दोर वळणे, टोपल्या आणि चटया विणणे हा तिथला नित्याचा उद्योग होता. कॅसियनने सांगितलेल्या अब्बा (म्हणजे बाबा) पौलांची वस्ती बाजारापासून सात दिवसांच्या वाटेवर होती. टोपल्या विकायला नेल्या, तर भाडेच किमतीहून जास्त झाले असते. तरी ते रोज नेमाने ठरलेले काम करीत, त्याने सारी गुहा भरत असे, आणि वर्षअखेर ते सगळे जाळून टाकून पुन्हा पहिल्या पातीपासून सुरुवात करीत.

या गोष्टीशी माझे अजून जमलेले नाही. मी तपासलेली काही पुस्तके गोदामातून थेट रद्दीत गेली, हे मला माहीत आहे, आणि पौलांना जे स्वतःच्या हाताने करता येत होते, ते माझ्यासाठी दुसऱ्या कोणी केले याचा मला अजून राग येतो. तरीही या आठवड्यात मी कपडे आणायला साडेतीनपर्यंत उठले नाही. मावशीला सकाळीच फोन केला; ती एवढी चकित झाली, की सगळे ठीक आहे ना, म्हणून तिनेच दोनदा विचारले. आता तीन वाजत आले आहेत. एव्हाग्रियसच्या हिशेबाने भूत तासाभरापूर्वीच निघून जायला हवे होते. उरलेली पाने एकतीस आहेत. मघाशी मोजली तेव्हाही एकतीसच होती.