पाखं भरेना

अकरा दिवस. संगणकावर घर उभं करायला चार दिवस लागले आणि छपराच्या दोन पाख्यांनी, म्हणजे दोन उतरत्या बाजूंनी, अकरा खाल्ले. म्हणून हे लिहितेय, नाहीतर 'मी स्केचअप शिकले', म्हणजे घराची त्रिमितीय चित्रं काढायचं सॉफ्टवेअर शिकले, यात सांगण्यासारखं फार काही नव्हतं.

आमचं घर साताऱ्यात, चिमणपुरा पेठेत. वरचा स्लॅब दर पावसाळ्यात गळायचा. वॉटरप्रूफिंग दोनदा करून झालं होतं. शेवटी ठरलं की वर एक मजला चढवायचा आणि त्यावर लोखंडी सांगाड्याचं, पत्र्याचं दुपाखी छप्पर करायचं. इंजिनिअरने कागदावर प्लॅन दिला, समोरून कसं दिसेल त्याचं एक चित्र दिलं, आणि तो मोकळा झाला. सासूबाईंचं एकच पालुपद: "आढं बरोब्बर मध्यात पाहिजे." आढं म्हणजे दोन पाखी वर जिथे भेटतात ती रेघ. ह्यांचं दुसरं: "उंच नको, वारा लागतो." कागदावर बोट ठेवून भांडण मिटेना, तेव्हा मी म्हटलं, मीच संगणकावर घर उभं करते, मग बघा आणि भांडा.

मी शाळेत गणित शिकवते, हे इथेच सांगून टाकते. पुढे त्याची लाज वाटणार आहे.

सुरुवात स्वीट होम थ्रीडीने केली. ते फुकट आहे, भिंती ओढायच्या आणि कपाट, पलंग आत आणून ठेवायचे. आतल्या मांडणीला झकास. पण मला छप्पर हवं होतं, म्हणून पुतण्याच्या जुन्या संगणकावरचं स्केचअप उघडलं. त्यात २०१७ सालचं 'मेक' होतं, घरगुती वापरासाठी फुकट मिळायचं ते. संगणकावर उतरवून घेण्याची ती शेवटची फुकट आवृत्ती, त्यानंतरचं फुकटचं स्केचअप ब्राउझरमध्येच चालतं. हे करायचं तर आधी मधलं चाक असलेला माउस घ्या. चाक दाबून धरलं की घर फिरतं. लॅपटॉपच्या पट्टीवर बोट घासत मी पहिला दिवस वाया घालवला.

दुसरा धडा बाथरूमने दिला. भिंत सहा इंच सरकवली तर तिला चिकटलेली फरशी, फरशीला चिकटलेला जिना, सगळी वरात तिच्यामागे निघाली. स्केचअपमध्ये एकमेकांना टेकलेल्या गोष्टी चिकटतात. एक भिंत झाली की तिच्यावर तीनदा क्लिक, मग उजवं बटण, आणि तिचा ग्रुप करून टाकायचा. हे क्लासमध्ये सांगितलं होतं, तेवढं त्यांचं ऋण मान्य करते.

हो, मी क्लास लावला होता. गावातलाच. पंधरा दिवस, रोज एक तास. तिथे शिकवलेलं प्रत्येक घर आयताकृती होतं. पंचवीस बाय चाळीस, तीस बाय चाळीस. पुश-पुलने वर ओढलं की घर, मध्यावर एक रेघ उचलली की छप्पर. टाळ्या.

आता माझं छप्पर. पुढची भिंत ३१ फूट. पूर्वेची बाजू २२ फूट ४ इंच, पश्चिमेची १९ फूट १० इंच, मागची ३१ फूट १ इंच. आमची जुनी पेठ, मागचा बोळ तिरका, घरही तिरकं. ही मापं मी आणि पुतण्याने टेप धरून घेतली. दोन्ही बाजूंचे मध्य काढले, त्यांच्यावर साडेपाच फूट उंचीवर बिंदू घेतले, ते जोडले की आढं. दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंती लगेच भरल्या. पण पाखं, म्हणजे आढं, वळचण (खालची कड) आणि दोन उतरत्या कडा अशी चार रेघांची चौकट, तशीच उघडी राहिली. स्केचअपमध्ये रेघांचं वेटोळं बंद झालं की आत आपोआप पृष्ठ तयार होतं. माझं होईना. वरून बघितलं तर आतला पलंग दिसतोय.

क्लासच्या सरांना दाखवलं. ते म्हणाले, "एक रेघ परत मारा." मारली. दुसरीही मारली. चारही पुसून नव्याने मारल्या. ते म्हणाले, "फुकटच्या आवृत्तीत असंच होतं, मॅडम." हे वाक्य मला अजून टोचतं. कारण ते खोटं होतं, आणि मी त्यावर तीन दिवस विश्वास ठेवला.

मग माझ्यातली मास्तरीण जागी झाली आणि मी पेपर तपासावा तसं मॉडेल तपासायला घेतलं. कुठेतरी फट असेल म्हणून प्रत्येक कोपऱ्यावर झूम करत गेले. एक सापडलीच. लांबून रेघा जुळलेल्या दिसत होत्या, जवळ गेल्यावर मध्ये केसाएवढी जागा. रेघ संपवताना हिरवा ठिपका आणि 'एंडपॉइंट' हे अक्षर आल्याशिवाय क्लिक केलं की हे होतं. आणखी एक खूण कळली. मापाआधी ~ असं नागमोडी चिन्ह दिसलं तर समजायचं की आकडा गोळाबेरीज करून दाखवलाय, खरी लांबी थोडी वेगळी आहे. माझ्या निम्म्या रेघांवर ते चिन्ह होतं. सगळ्या दुरुस्त केल्या, फट बुजवली. पाखं भरेना.

मापाचंच निघालं तर एक सांगते. खाली उजव्या कोपऱ्यात मापाची चौकट असते, तिच्यात क्लिक करायचं नसतं. रेघ ओढायला घेतली की नुसतं 22'4 टाइप करून एंटर. मी दोन दिवस त्या चौकटीत क्लिक करत होते.

आठव्या दिवशी पुतण्याने पुण्याहून फोनवर एक युक्ती सांगितली. स्टाइल्समध्ये रेघांचा रंग 'अक्षानुसार' करायचा. मग आडव्या अक्षाला समांतर रेघ लाल, खोलीच्या अक्षाला समांतर हिरवी, उभी निळी, आणि कुणालाच समांतर नसलेली काळी. रंग बदलले आणि घर बोलायला लागलं. पुढची भिंत लाल, बाजू हिरव्या, मागची भिंत काळी, आढंही काळं. मला वाटलं, सापडला चोर! आढं पुसलं आणि पूर्वेच्या टोकापासून लाल रेघ ओढली, पुढच्या भिंतीला समांतर. पश्चिमेचा त्रिकोण त्याला जुळवून घेतला. आणि पुढचं पाखं टप्‌कन भरलं!

मागचं भरलं नाही. शिवाय पश्चिमेला आढं मध्यावर येईना, सव्वा फूट मागे सरकलं. सासूबाईंचं "बरोब्बर मध्यात" आठवलं. अर्धं उत्तर हातात आलं होतं आणि मी कंट्रोल-झेड मारलं.

अकराव्या दिवशी वैतागून पाख्याच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात कर्ण मारला. दोन त्रिकोण, दोन्ही क्षणात भरले. मागच्या पाख्यालाही तेच केलं. तेव्हा कुठे ट्यूब पेटली. नववीला मी दरवर्षी फळ्यावर लिहिते: नैकरेषीय, म्हणजे एका रेषेत नसलेल्या, तीन बिंदूंमधून एक आणि एकच प्रतल (सपाट पातळी) जातं. तीन बिंदूंचं पृष्ठ कधी अडत नाही. चौथा बिंदू त्या प्रतलात असेलच असं नाही, आणि माझा नव्हता. चार रेघा जुळलेल्या होत्या, फट कुठेच नव्हती, पण चार कोपरे एका प्रतलात नव्हते. त्या चौकटीत सपाट पृष्ठ बसणारच नव्हतं, ना फुकटच्या आवृत्तीत, ना विकतच्या. वीस वर्षं शिकवलेली गोष्ट समोर येऊन उभी राहिली आणि मी तिला ओळखलं नाही.

तरी अभिमान किती! कर्णाची रेघ नको म्हणून खोडरबराबरोबर शिफ्ट दाबून ती लपवली, घरभर दाखवलं, प्रिंट काढून फॅब्रिकेटरला बोलावलं.

फॅब्रिकेटर ह्यांच्या ओळखीचे, वडूज भागातले. चहा घेता घेता त्यांनी प्रिंट उलटसुलट करून बघितली.

"वैनी, ह्या पाख्यावर अर्धी सावली कशापायी?"

लपवलेल्या रेघेच्या एका बाजूचा पत्रा उजळ होता, दुसऱ्या बाजूचा काळसर. रेघ लपली, पण मोड राहिलाच. मी म्हटलं, तिथे जरासा मोड आहे, दिसणार नाही.

"पत्र्याला तिरका मोड कोण देणार? घर गुण्यात हाय का बघितलंत का?"

गुण्या म्हणजे गवंड्याचा काटकोन. मी म्हटलं, चारही बाजू मोजल्यात. ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. टेप काढला, मला एका कोपऱ्यावर उभं केलं आणि दोन्ही कर्ण मोजले. एक ३८ फूट अडीच इंच, दुसरा ३६ फूट साडेनऊ इंच. म्हणाले, "ह्यो फरक बघा. आढं मध्यावर घेतलंत तर पाख्याला पीळ येणार. थोडा पीळ पत्रं खपवून घेत्यात, पर जोड उघडं पडत्यात. मग हितनंच गळतंय."

पीळ! अकरा दिवस ज्या गोष्टीला नाव नव्हतं, तिचं नाव. नंतर हिशेब केला. माझ्या मध्यावरच्या आढ्यामुळे त्याच पाख्याचा उतार पूर्वेला साधारण २६ अंश येत होता आणि पश्चिमेला २९. वळचण आडवी, आढं आडवं, पण वरून बघितलं तर दोघं समांतर नाहीत. अशा दोन रेघा एका प्रतलात येऊच शकत नाहीत.

आणि आठवीला 'चौकोन रचना' शिकवताना मीच सांगते की नुसत्या चार बाजूंवरून चौकोन ठरत नाही, पाचवं माप लागतं. मी पुढचे दोन कोपरे काटकोन धरून चित्र काढलं होतं. नशीब, मोजलेले कर्ण त्याच्याशी जुळले. तुमचे जुळतीलच असं नाही. टेप हातात असतानाच कर्ण मोजा, नंतर पुन्हा माणूस जमवावा लागतो.

उपाय त्यांचाच. आढं पुढच्या भिंतीला समांतर ठेवायचं, म्हणजे मी कंट्रोल-झेड मारून उडवलं होतं तेच. मागच्या पाख्याचा उतार पुढच्याइतकाच ठेवायचा आणि ते मागच्या भिंतीला जिथे भेटेल तिथे भेटू द्यायचं. स्केचअपमध्ये हे करायला पंधरा मिनिटं लागली. मागचं पाखं आधी भिंतीच्या बाहेर जाईल एवढं मोठं सपाट काढलं, भिंत उंच ओढली, दोन्हींवर 'इंटरसेक्ट फेसेस' चालवलं, त्याने दोन पृष्ठं एकमेकांना छेदतात तिथे रेघ पडते, आणि वरचा जादा भाग पुसला. मागची भिंत पश्चिमेकडे हळूहळू चढत गेली. टोकाला सव्वा फूट, म्हणजे विटांचे चार-पाच थर. पाखं न विचारता भरलं.

सासूबाईंना पडद्यावर घर फिरवून दाखवलं. मागून वळचण तिरकी दिसते म्हणून त्या थोड्या नाराज झाल्या. मी म्हटलं, मागे बोळ आहे, कोण बघतंय? ह्यांना एक फायदा पटला. वळचण तिरकी असल्यामुळे तिच्याखालची पन्हळ आपोआप पूर्वेकडे उतरती झाली. यवतेश्वराच्या डोंगराकडून पाऊस सुटला की आमच्याकडे पाणी थांबायला वेळच नसतो.

मृगाच्या आधी पत्रे चढले. मागच्या बाजूला प्रत्येक पत्रा खाली तिरका कापावा लागला आणि त्रिकोणी तुकड्यांचा ढीग उरला. सासूबाईंनी त्यातले चार बंबाच्या लाकडांवर झाकून ठेवलेत.

पन्हळ मात्र मॉडेलमध्ये अजून नीट झालेली नाही. सहा इंचांची गोलाई 'फॉलो मी'ने, म्हणजे आकार रेघेवरून ओढत नेणाऱ्या साधनाने, फिरवली की वळणावर बारीक भोकं राहतात, कारण फारच छोटी पृष्ठं स्केचअप बनवत नाही. वस्तू शंभरपट मोठी करायची, तिथे फिरवायची, मग परत लहान करायची, असा त्यावर इलाज आहे. मे महिन्याच्या सुट्टीत करून बघीन. भिंतीवरची खरी पन्हळ वाहतेय.