बटणावरचा अंगठा

विमान उडवायला शिकत होते तेव्हा मला विमान उतरवण्यापेक्षा रेडिओवर बोलण्याची धास्ती जास्त. धावपट्टी निदान हसत तरी नाही.

म्हणून घरी सराव चालायचा. धाकटा भाऊ टीव्हीचा रिमोट हातात धरून विमानतळाचा कंट्रोल टॉवर व्हायचा. आधी कोणाला हाक मारतेय, मग मी कोण, कुठे आहे, काय हवंय. तो मुद्दाम भराभर बोलायचा आणि मी 'रॉजर' म्हणून वेळ मारून न्यायचे. सरांसमोर हेच केलं तर त्यांनी ब्रेक दाबायला लावले. "रॉजर म्हणजे ऐकू आलं, एवढंच. करते म्हणायचं तर विल्को. बरं, कुठे थांबायला सांगितलंय तुला?" मला सांगता येईना. फोनवर लांबच्या काकूंना 'हो, हो' करतो ना आपण, तसलं माझं रॉजर. तेव्हापासून धावपट्टीचा नंबर, उंची, दिशा, कुठे थांबायचं ते, सगळं मांडीवरच्या कागदावर लिहून शब्दशः परत म्हणायचं, हा नियम. याला रीडबॅक म्हणतात. आपण चुकीचं म्हटलं तर पकडायचं काम टॉवरचं, पण त्यासाठी आधी म्हणायला तर हवं.

तिसऱ्या सोलोला, म्हणजे एकटीच्या उड्डाणाला, मात्र मी कहर केला. डाउनविंडला, म्हणजे उतरण्याआधी धावपट्टीला समांतर उलट दिशेने जाण्याच्या टप्प्यात, असल्याचं कळवलं आणि अंगठा बोलण्याच्या बटणावरच राहिला. मग चेकलिस्ट पुटपुटणं, मिक्श्चर, फ्लॅप्स, आणि "अगं बाई, उंची गेली, उंची गेली!" हेडसेटमध्ये छान शांतता. मनात म्हटलं, आज गर्दी दिसत नाही. ट्रिमसाठी अंगठा उचलला आणि एकदम तीन आवाज कानावर आदळले. शेवटी टॉवर, अगदी थंडपणे: तुमचा माइक तपासा.

या रेडिओवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. 118 ते 137 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकेका फ्रिक्वेन्सीवर सगळे एकत्र. मी बटण दाबून बसले की मला कोणाचं ऐकू येत नाही आणि बाकीच्यांचं बोलणं माझ्याखाली दबतं. दोघं एकदम बोलले तर कर्कश शिट्टी वाजते, कारण इथे अजून जुनं एएम तंत्रच वापरतात. एफएमवर जोरकस आवाज दुसऱ्याला गिळून टाकतो, कोणी बोलत होतं याचा पत्ताही लागत नाही. शिट्टी वाजली की निदान एवढं कळतं, की काहीतरी हुकलं.

सर रागावले नाहीत. बाकावर बसवून त्यांनी स्पेनच्या टेनेरिफे बेटावरच्या विमानांच्या टकरीचं सांगितलं. 27 मार्च 1977, लॉस रोडेओस विमानतळ, दाट धुकं, एकाच धावपट्टीवर दोन बोइंग 747. केएलएम या डच कंपनीच्या विमानातल्या को-पायलटने मार्गाची परवानगी (उड्डाणाची नव्हे) परत म्हणून दाखवली आणि शेवटी जोडलं, आम्ही आता टेक-ऑफला. टॉवर म्हणाला, ओके. आणि जरा थांबून: टेक-ऑफसाठी थांबा, मी बोलावतो. नेमकं त्याच क्षणी दुसरं, पॅन अॅम या अमेरिकन कंपनीचं विमान सांगत होतं, आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत. केएलएमच्या कॉकपिटमध्ये 'ओके' स्वच्छ पोचलं. पुढे जेमतेम 4 सेकंदांची शिट्टी.

केएलएमचं विमान धावायला लागल्यावर त्यांच्याच फ्लाइट इंजिनिअरने विचारलंही, ते पॅन अॅमचं विमान बाहेर पडलं नाही का? कॅप्टन म्हणाला, पडलं की. तो साधासुधा कॅप्टन नव्हता, इतरांना 747 शिकवणारा होता. 583 माणसं गेली. मला त्या आकड्यापेक्षा तो इंजिनिअर जास्त छळतो. त्याला शंका आली होती, त्याने ती बोलूनही दाखवली होती.

आता 'टेक-ऑफ' हा शब्द खरोखर उड्डाणाची परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरतात. एरवी 'डिपार्चर'. कोणी नुसतं 'ओके' म्हटलं की सरांच्या कपाळावर आठी उमटायची, ती का, हे त्या बाकावर कळलं.

दुसऱ्या दिवशी विमानात बसल्यावर प्रथमच रेडिओच्या पडद्याकडे नीट पाहिलं. बोलताना तिथे 'टीएक्स' अशी बारीक अक्षरं उजळतात. आदल्या दिवशीही ती उजळलेलीच असणार, पार डाउनविंडपासून.