तुमच्या सेटला सपोर्ट नाही

आई कणीक मळताना बोलते. जुनी सवय. वडील होते तोवर त्यांच्याशी बोलायची, ते समोर पेपर धरून बसलेले असायचे, म्हणजे तसं भिंतीशीच. गेली सात वर्षं ती फोनशी बोलते. फोन ओट्यावर डाळीच्या डब्याला टेकून उभा असतो. त्याचं कव्हर आणलं तेव्हा पारदर्शक होतं, आता हळदीच्या रंगाचं झालंय. दोन्ही हात पिठात, आणि ही म्हणणार, "ओके गुगल, दहा मिनिटांनी आठवण कर गं, कुकर बंद करायचाय." दहा मिनिटांनी फोन वाजतो. आई म्हणते, "हो हो, ऐकलं." मग कोपरानं स्क्रीन दाबते आणि तिला गप्प करते.

हा फोन २०१८ च्या दिवाळीत नाशिकच्या एमजी रोडवरून घेतलेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गूगल असिस्टंटला मराठी आली होती, त्यामुळे फोन आणि मराठी दोन्ही आमच्या घरात एकदमच आले. त्याआधी मी माझ्या फोनशी इंग्रजीत बोलायचो, तेही दाराला कडी लावून. माणसासमोर चुकलं तर चालतं, पण यंत्रासाठी आपण उगाच जीभ वळवून 'अलार्म'मधला 'र' गिळायला लागतो आणि बायको बाहेरून विचारते, "कोणाशी बोलताय?" मराठी आल्यावर मी पहिलाच प्रश्न विचारला होता, "तुला मराठी येतं का?" मुंबईत रिक्षावाल्याला विचारावा तसा. उत्तर अगदी शुद्ध, अनुस्वार-विसर्ग सांभाळून आलं. आई शांतपणे म्हणाली, "नाशिकची नाही ही. पुण्याची दिसते."

तर गेल्या महिन्यात या फोनची बॅटरी फुगली. पाठीचं झाकण एका कडेनं उचललं गेलं, भाकरी एका बाजूनं फुगते तसं. मी तो घेऊन पुन्हा एमजी रोडवर गेलो. जुनं दुकान राहिलं नव्हतं, शेजारच्यात शिरलो. काउंटरवरच्या पोरानं फोन उलटासुलटा केला, सेटिंगमध्ये जाऊन ॲन्ड्रॉइड ९ हे आकडे पाहिले आणि माझ्याकडे डॉक्टर नातेवाइकांकडे बघतात तसं बघितलं. "काका, यात बॅटरी टाकून काय करणार? ह्या सेटला आता सपोर्टच नाही."

हे वाक्य मी घरी येईपर्यंत घोळवत होतो. 'चालत नाही' म्हणाला असता तर भांडलो असतो, कारण चालतो. 'बिघडलाय' म्हणाला असता तर दुरुस्त कर म्हटलं असतं. 'सपोर्ट नाही' यावर काय बोलणार? यात फोनचा दोष नाही, दुकानदाराचा नाही, कंपनीचं तर नावच नाही. कर्ता नसलेलं वाक्य आहे ते. मोडलंबिडलं काही नाही, फक्त वर कुठेतरी कोणीतरी हात काढून घेतलाय. मराठीत 'आधार' म्हणायची सोय होती, पण आधार म्हटलं की आता लोक खिशातून कार्ड काढतात.

आणि हे ठरवण्याला नेहमीच यंत्राची ताकद कारण असते असंही नाही. आयफोनमधल्या बोलक्या मदतनीसाचं, सिरीचंच बघा. ॲपलनं ऑक्टोबर २०११ मध्ये आयफोन ४एस काढला आणि त्यात सिरी आणली. आदल्या वर्षीच्या आयफोन ४ ला ती दिली नाही. गंमत अशी, की त्याआधी फेब्रुवारी २०१० पासून सिरी अमेरिकेत साधं ॲप म्हणून मिळत होती आणि तेव्हा ती त्याहूनही जुन्या आयफोन ३जीएसवर सुखानं बोलत होती. एप्रिल २०१० मध्ये ॲपलनं ती कंपनीच विकत घेतली, आणि ४एस आल्यावर ते ॲप बंद झालं. श्रीमंत सासर मिळाल्यावर माहेरची ओळख विसरावी तसं. काही खटपट्या मंडळींनी नंतर आयफोन ४ वर सिरी चालवूनही दाखवली. म्हणजे जमत होतं. द्यायचं नव्हतं.

याच्या उलट, खरोखर अंगात ताकद नसल्याचाही एक किस्सा आहे, तो मला जास्त आवडतो. २०१४ मध्ये 'हे सिरी' अशी नुसती हाक मारायची सोय झाली, पण तेव्हाच्या फोनमध्ये ती हाक फोन चार्जिंगला लावलेला असेल तरच ऐकू जायची. दावणीला बांधली असेल तरच ओ देणारी गाय. कारण साधं आहे. नाव ओळखायचं तर फोननं दिवसभर कान उघडा ठेवायला हवा, आणि मुख्य प्रोसेसरला त्या कामावर बसवलं तर बॅटरीचं काही खरं नाही. मग पुढच्या वर्षीच्या ६एसमध्ये या कामाला एक कमी वीज खाणारा छोटा भाग बसवला. आमच्या आजोळी पंचवटीतल्या वाड्यात दिंडीदरवाज्यावर एक म्हातारा गडी असायचा. त्याला हिशेब येत नव्हता, निरोप नीट सांगता येत नव्हता, पण मालकाचं नाव कोणी घेतलं की तो आत जाऊन हाक मारायचा. हा छोटा भाग म्हणजे तो गडी. नाव ऐकलं की आतल्याला उठवायचं, बाकी काही नाही. पुढचा सगळा विचार कुठल्यातरी लांबच्या सर्व्हरवर व्हायचा आणि उत्तर तेवढं परत यायचं. त्यामुळे आईच्या २ जीबी रॅमच्या फोनला इतकी वर्षं काही कमी पडलं नाही. डोकं त्याचं नव्हतंच, कान आणि तोंड तेवढे त्याचे.

आता विचार फोनच्या आतच करायचा असं निघालंय, आणि तिथं रॅम लागते. जून २०२४ मध्ये ॲपलनं आपल्या नव्या बुद्धिमत्तेची घोषणा केली तेव्हा ती १५ प्रोच्या खाली मिळणार नाही असं कळलं. साधा आयफोन १५ त्या दिवशी बाजारात येऊन नऊ महिनेही झाले नव्हते. पोटात असतानाच म्हातारा. माझ्या मेव्हण्याकडे तोच आहे, त्याच्याजवळ हा विषय काढायचा नसतो.

मेव्हण्याचं नशीबच तसं. त्यानं मोठ्या हौसेनं एकेकाळी विंडोज फोन घेतला होता, कॉर्टाना असलेला, म्हणजे मायक्रोसॉफ्टची सिरीच. तो फोन गेला, मग त्यानं ॲन्ड्रॉइडवर कॉर्टाना टाकली, तर मार्च २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टनं मोबाइलवरची कॉर्टानाच बंद केली. मधे सॅमसंगनं त्यांच्या बिक्स्बी नावाच्या मदतनीसासाठी फोनच्या कडेला वेगळं बटन दिलं होतं आणि ते बटन दुसऱ्या कशाला तरी वापरता येईल का हे शोधण्यात लोकांचे महिने गेले. मेव्हणा हल्ली सिरीवर स्थिरावलाय. तिच्या नावाआधी 'हे' म्हणायची गरज २०२३ पासून उरली नाही, नुसतं सिरी म्हटलं तरी चालतं. ज्या घरात श्रीरंग-श्रीपाद आहेत तिथं काय होत असेल देव जाणे.

मागच्या पावसाळ्यात एका रविवारी ताई, मेव्हणा आणि भाचा नाशिकरोडहून आले होते. रात्रभर पाऊस, गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं, सोसायटीच्या ग्रुपवर किती क्युसेक त्याचे आकडे फिरत होते. आईला क्युसेक कळत नाही. तिचं बालपण गोदाघाटाच्या अंगावर गेलं, तिचं माप वेगळं. तिनं विचारलं, "मारुती कुठवर बुडालाय?"

नाशिककराला हे सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. रामकुंडाच्या खालच्या अंगाला नदीच्या पात्रातच दुतोंड्या मारुती उभा आहे, दोन्हीकडे तोंड असलेला, चांगला उंच. पुराचं माप म्हणजे तो. पायाला पाणी लागलं, गुडघ्याला आलं, कमरेला आलं, छातीला आलं. गळ्याशी आलं की भांडीबाजार आणि सराफ बाजारातले दुकानदार माल वर चढवायला लागतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तो अख्खा दिसेनासा झाला होता. त्याच्याही वरचं माप म्हणजे नारोशंकराची घंटा, तिला पाणी लागलं म्हणजे महापूर. क्युसेक म्हटलं की इंजिनिअरला कळतं, 'छातीपर्यंत' म्हटलं की सगळ्या गावाला कळतं आणि आपल्याच छातीशी गार लागतं.

भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्यानं लगेच स्पर्धाच लावली. चार फोन, चार बायका. (बाईचाच आवाज का, हा प्रश्न माझ्या बायकोनं विचारला. "सांगितलेलं काम बोलल्याबरोबर करायचं असतं म्हणून," हे उत्तरही तिनंच दिलं.) कोणाच्या फोनमध्ये कोण आहे ते इथं सांगत नाही, उखाण्यातसुद्धा नाव घेणार नाही. घरात शांतता हवी.

पहिलीनं मारुती म्हणताच नाशिकमधल्या गाड्यांच्या शोरूमची यादी काढली, सर्वांत जवळची दोन किलोमीटरवर. दुसरीनं हनुमान चालीसा लावली, आणि ती मधेच थांबवायची कशी, यावर सगळ्यांचा धीर सुटला. आईनं हात जोडले, चालीसा पूर्ण झाली. तिसरी सर्वांत नवी आणि सर्वांत हुशार. तिनं दुतोंड्या मारुती म्हणजे काय, तो कुठे आहे, पुराशी त्याचा संबंध काय, हे मी वर लिहिलंय त्याहून नीटनेटकं सांगितलं, खाली ठळक मुद्देही दिले. फक्त पाणी कुठवर आलंय ते सांगितलं नाही. भाचा खूश झाला. "बघ आजी, हिला माहितीये!"

"मला पण माहितीये," आई म्हणाली. "मी काय विचारलं?"

चौथा फोन आईचा. त्यानं सरळ सांगितलं की हे मला समजलं नाही. "बघा," आई म्हणाली, "बाई निदान खरं तरी बोलली." एवढ्यात भाच्याच्या कुठल्या मित्रानं होळकर पुलावरून काढलेला व्हिडिओ स्टेटसला टाकला. कमरेच्या वर होतं पाणी. आई म्हणाली, "अजून वेळ आहे," आणि भजी तळायला उठली.

एमजी रोडवरून परत आलो त्या दिवशी हे सगळं आठवलं आणि मी मुकाट्यानं नवा फोन मागवला. मग घरी बसून जरा वाचलं, तेव्हा दुकानातल्या पोराच्या वाक्याचा दुसरा अर्थ लागला. गूगलनं मार्च २०२५ मध्ये जाहीर केलं की फोनवरच्या असिस्टंटची जागा हळूहळू जेमिनी ही त्यांचीच नवी मदतनीस घेणार. जेमिनीला मराठी येतं, जून २०२४ मध्ये भारतात ॲप आलं तेव्हापासून येतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण तिला किमान ॲन्ड्रॉइड १० आणि २ जीबी रॅम लागते. रॅम आईच्या फोनकडे काठावर आहे, ॲन्ड्रॉइड ९ वर अडलं. म्हणजे नवी येऊ शकत नाही. आणि नवी येऊ शकत नाही म्हणून जुनीला कोणी उठवत नाही. माझ्या फोनवरची गेली. मी पूर्वी टायमर लाव म्हटलं की टायमर लागायचा, हल्ली कधीकधी टायमर लावण्याबद्दल चार वाक्यं ऐकावी लागतात. आईची अजून ओट्यावर उभी आहे. पागडीच्या खोलीतल्या भाडेकरूसारखी, इमारत जुनी म्हणून टिकलेली.

हे मी आईला समजावून सांगायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, "मग नवा कशाला आणलास?"

नवा आला, सिम त्यात गेलं. जुना टाकू दिला नाही. शालिमारला एका टपरीत एक चाळिशीतला माणूस बसतो, त्याला दाखवला. त्यानं सपोर्टबिपोर्ट काही काढलं नाही. नखानं झाकण उचललं, फुगलेली बॅटरी लांब ठेवली, डब्यातून दुसरी शोधून बसवली, कडेला चिकटपट्टी फिरवली आणि वर एक रबरबँड लावून दिला. "उद्या सकाळी काढा." वीस मिनिटं. बाजूला उसाचा रस प्यायलो तेवढ्यात झालं.

आता सिम नसलेला जुना फोन घरच्या वायफायवर डाळीच्या डब्याला टेकून असतो, आणि नवा चहाच्या डब्याला. नव्याचं कव्हर अजून पारदर्शक आहे. परवा संध्याकाळी आई पोळ्यांची कणीक भिजवत होती, मी पाणी प्यायला आत गेलो.

"ओके गुगल, दहा मिनिटांनी आठवण कर गं."

दोन्ही स्क्रीन एकदम उजळले. नव्यावर बारीक अक्षरांत एक ओळ उमटली आणि तो पुन्हा काळा झाला. जुन्यातून आवाज आला, ठीक आहे, दहा मिनिटं.

"त्याच्यावर काय लिहून आलं?" आईनं विचारलं. तिचा चष्मा देवघरात होता.

"दुसऱ्या डिव्हाइसवर उत्तर देत आहे."

"हं," आई म्हणाली. "ते डाळीचं झाकण लाव बाबा, पीठ उडतंय."