नकाशावरचे देऊळ

मार्चमधली शाळेची सुटी जवळ आली की ॲरिझोनातल्या फिनिक्समधल्या आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवण होत नाही, कारण तिथे नकाशा पसरलेला असतो. फोनमध्ये सगळे दिसत असताना हा कागद कशासाठी, असे घरचे दरवर्षी विचारतात आणि युटामधल्या 12 क्रमांकाच्या रस्त्यावर फोनला रेंज मिळेलच असे नाही, हे उत्तर मी दरवर्षी देतो. ते खोटे नाही, पण खरे कारण असे की घडीच्या रेषा झिजून फाटू लागलेल्या कागदावर पेन्सिलीने पेज, कनॅब, झायन, ब्राइस, कॅपिटल रीफ, मोआब अशी वाटेतली गावे आणि राष्ट्रीय उद्याने जोडणारी रेघ ओढल्याशिवाय आपण कुठे निघालो आहोत असे मला वाटतच नाही. ग्रँड कॅनियन या रेघेतून मी मुद्दामच वगळले होते. फिनिक्समध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तिथे न्यावेच लागते, आणि एकदा पाहुण्यांचे ठिकाण झालेल्या जागेवर आपण आपल्या हौसेने जात नाही.

या मुलखात वसंत ऋतू महिन्याप्रमाणे येत नाही, उंचीप्रमाणे येतो. झायनच्या दरीचा तळ सुमारे चार हजार फुटांवर आहे. तिथे नदीकाठच्या झाडांना पालवीचे वेध लागलेले असतात, तेव्हा गाडीने दोनएक तासांवर असलेल्या ब्राइसच्या कड्यावर, आठ हजार फुटांच्या वर, बर्फ पडलेले असते. त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही, कारण ब्राइसचे ते नारिंगी सुळके दिवसा फटीत मुरणाऱ्या आणि रात्री गोठून फुगणाऱ्या पाण्यानेच घडवले आहेत. कॅपिटल रीफमध्ये मॉर्मन वसाहतकऱ्यांनी लावलेल्या फ्रुटाच्या फळबागा आहेत आणि मार्चमध्ये तिथला जर्दाळू फुलावर असतो, निदान असावा अशी माझी इच्छा असते. परिणामी एकाच बॅगेत अर्ध्या बाह्यांचे सदरे आणि कानटोप्या अशा दोन्ही गोष्टी जातात, शिवाय दशम्या, लसणाची चटणी आणि मोटेलच्या खोलीत गुपचूप खिचडी शिजवणारा तो छोटा कुकर.

मग वेळेचा घोळ. मार्चच्या दुसऱ्या रविवारी युटा आपली घड्याळे तासभर पुढे करते आणि आमचे ॲरिझोना करत नाही. बराचसा भाग ॲरिझोनातच असलेले नावाहो राष्ट्र, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचा स्वशासित प्रदेश, मात्र करते, आणि त्याच्या पोटात असलेली होपी लोकांची भूमी करत नाही. परतीच्या वाटेवरच्या, नावाहोंच्या ट्यूबा सिटीत अकरा वाजले असतील तर रस्त्यापलीकडच्या, होपींच्या मोएनकोपीत दहाच वाजलेले असतात. पेजजवळची अँटेलोप कॅनियनची घळ नावाहो भूमीवर असूनही तिथल्या सहली पेजच्या, म्हणजे ॲरिझोनाच्या, घड्याळाप्रमाणे निघतात. हे सगळे मी वहीत तीन रकाने आखून लिहिले आहे आणि तरीही आपण कुठेतरी तासभर उशिरा पोहोचणार, याची मला खात्री आहे.

रकाने आखण्याची ही खोड वडिलांची. ते शिक्षक होते. दर उन्हाळ्यात ते बदामी आणि हंपीच्या सहलीचा बेत करीत. त्यासाठी स्वारगेटच्या चौकशीच्या खिडकीशी उभे राहून गाड्यांच्या वेळा उतरवून आणीत, उतरायची गावे, धर्मशाळा, माणशी खर्च, सगळे मागच्या वर्षीच्या डायरीत सुवाच्य अक्षरात मांडीत. आम्ही बदामीला कधीच गेलो नाही. दरवर्षी काहीतरी निघे, कोणाचे लग्न, कोणाचे आजारपण, एकदा घराचे छप्पर. त्या सगळ्या बेतांमधून प्रत्यक्षात उतरली ती एकच सहल, आणि तीही एका दिवसाची, शिरूरवरून निघोजला, कुकडी नदीचे रांजणखळगे पाहायला. काळ्या कातळात पाण्याने गोट्यांना गरागरा फिरवून कोरलेले ते खोल, गुळगुळीत खड्डे पाहून मी आत उतरू लागलो, तेव्हा वडिलांनी माझे बखोट धरले. "इथे आभाळ कोरडे आहे म्हणून नदी कोरडी राहील असे नाही," ते म्हणाले. मे महिना होता. मला ते तेव्हा उगाचच भित्रेपणाचे वाटले होते.

अँटेलोपच्या सहलीची माहिती वाचताना ते वाक्य मला आठवले. 1997 च्या ऑगस्टमध्ये कित्येक मैल दूर पडलेल्या पावसाचे पाणी या घळीत शिरले आणि अकरा पर्यटक वाहून गेले. आता वाटाड्याशिवाय आत जाऊ देत नाहीत. मी मार्चच्या रकान्यासमोर 'पाऊस, वरच्या अंगाचा' असे लिहून ठेवले. वहीत ते विचित्र दिसते, पण खोडलेले नाही.

त्याच दुपारी पुण्याहून आईचा फोन आला. यंदा कुठे जाणार, हे ऐकून घेऊन तिने विचारले, "एवढ्या लांब जाऊन दगडच बघणार?" दगड पाहायला सह्याद्री काय वाईट होता, हा त्यातला न बोललेला अर्धा भाग मला पाठ आहे. तिला बरे वाटावे म्हणून मी सांगितले की इकडच्या दगडांना आपल्या देवांची नावे आहेत. ग्रँड कॅनियनमध्ये विष्णूचे देऊळ आहे, ब्रह्मदेवाचे आहे, शंकराचे आहे, रामाचेही आहे. क्लॅरेन्स डटन नावाच्या भूशास्त्रज्ञाला 1880 च्या सुमारास ती शिखरे पाहून पूर्वेकडची मंदिरे आठवली आणि त्याने तशी नावे देण्याचा पायंडा पाडला. तळाशी नदीकाठी उघडा पडलेला काळा खडकही विष्णूच्याच नावाचा, आणि तो सुमारे 170 कोटी वर्षांपूर्वीचा. आपला दख्खनचा कातळ त्यापुढे अगदीच पोरसवदा, साडेसहा कोटींच्या आसपासचा.

आईला कोटींशी काही देणेघेणे नव्हते. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अरे, मी आले होते की तिथे. मग मला का नाही दाखवलेस?"

ती आली होती, हे खरे. वडील गेल्यानंतरच्या वर्षी आम्ही तिला दक्षिण कड्यावर नेले होते. गुडघ्यामुळे तिला फार चालवत नव्हते, म्हणून पहिल्याच कठड्यापाशी तिला बसवून मी गाडी लावायला जागा शोधत फिरलो. परत आलो तेव्हा ती उभी राहून समोरच्या दरीला हात जोडत होती. आजूबाजूचे लोक पाहत होते, आणि मला, आता कबूल करायला हरकत नाही, थोडे अवघडल्यासारखे झाले. समोर काय काय आहे ते मी तिला सांगितले नाही, कारण तेव्हा मलाही ठाऊक नव्हते.

फोन ठेवल्यावर मी मोआबनंतरचा कॅनियनलँड्सचा दिवस खोडला आणि पेन्सिलीची रेघ कॅमेरॉनपाशी डावीकडे, ग्रँड कॅनियनच्या दक्षिण कड्याकडे वळवली. मग तो जुना फोटो शोधून काढला. आई आहे, कठडा आहे, जोडलेले हात आहेत. तिची मान पूर्वेकडे वळलेली असावी, पण भर दुपारच्या उन्हाने मागची सगळी शिखरे पुसून पांढरी केली आहेत, आणि कितीही मोठा करून पाहिला तरी त्यातले विष्णूचे कोणते ते ओळखता येत नाही.